मागच्या रेघेचा ओला कोपरा

मित्रांनो, आधी पाय बाजूला घ्या. हो, तुम्हालाच म्हणतेय. जरा खाली बघा. टेनिसच्या कोर्टाच्या अगदी मागच्या टोकाला, या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी पडलेली ही जी पांढरी, आता पांढरी म्हणायचं म्हणून पांढरी, जुनी रेघ दिसते ना, ती मी. शिकलेली मुलं मला बेसलाइन म्हणतात, घाईतली मुलं नुसतं 'लाइन' म्हणतात, आणि हरलेली मुलं काय म्हणतात ते मी लहानांपुढे सांगणार नाही.

एका कॉलेजच्या मैदानात मी आयुष्य काढलं. तुम्हाला वाटेल, रेघेला कसलं आयुष्य? पडून तर राहायचं! पण पडून राहणाऱ्यावर काय काय पडतं हे पडल्याशिवाय कळत नाही. घाम पडतो. नाकाच्या शेंड्यावरून, हनुवटीवरून, कोपरावरून, तोही कोमट. भरलेली चूळ पडते. केळीची साल पडते आणि तिसऱ्या दिवशी काळी पडते. फोडावरून सुटलेली चिकटपट्टी पडते, आणि ती उलटी पडली की फोडाची बाजू माझ्याकडे असते. शी! आठवलं तरी माझा रंग उडतो. पण हे सगळं मी पावसाने धुऊन घेतलं. दोनच गोष्टी पावसाने धुतल्या गेल्या नाहीत. एक, मोठ्या सरांचं च्युइंगगम. आणि दुसरी, माझ्या अंगावर उभं राहून माझ्याबद्दल बोललेलं खोटं.

मोठे सर कोण ते सांगतेच, पण आधी माझा जन्म ऐका. मला एका रंगाऱ्याने ओढलं. दोन टोकांना खिळे ठोकून त्याने दोरी ताणली, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावली, आणि गुडघ्यांवर रांगत, श्वास रोखून, जिभेचं टोक बाहेर काढून ब्रश फिरवला. पट्टी सोलली तेव्हा मी इतकी सरळ निघाले की शेजारून चाललेल्या मुंग्यांना स्वतःच्या रांगेची लाज वाटली. त्या थांबल्या, नीट एकामागे एक उभ्या राहिल्या आणि मगच पुढे गेल्या. पुढे त्यांची पिल्लंसुद्धा वळताना काटकोनातच वळायची. हसू नका, मी कशाला खोटं सांगू?

ते दिवस मानाचे होते. मुलं माझ्यामागे अदबीने उभी राहायची. एका दांडग्या मुलाने तर एकदा एवढा उंच चेंडू उडवला की तो खाली येईपर्यंत त्याची परीक्षा झाली, निकाल लागला, लग्न झालं. चेंडू माझ्यावर येऊन पडला तेव्हा तो परतवायला त्याचा मुलगा उभा होता. बरं, मुलगा नसेल, पुतण्या असेल. चेंडू मात्र माझ्यावरच पडला, म्हणजे आत.

हे 'आत' फार महत्त्वाचं आहे, मित्रांनो. चेंडूचा एक केस जरी मला लागला तरी तो आत. आता प्रत्येक रेघेवर नजर ठेवायला कॉलेजच्या सामन्यांत माणसं कुठून आणणार? म्हणून इथे रीत अशी, की चेंडू ज्याच्या बाजूला पडला त्यानेच सांगायचं. बाहेर असेल तर बोट वर करायचं. आत असेल तर गुपचूप खेळत राहायचं. आणि शंका आली तर? शंका आली तर चेंडू समोरच्याचा. किती सुंदर रीत! आणि माणसांनी तिची काय घाण केली!

मोठे सर या कॉलेजचे टेनिसचे प्रशिक्षक. पोट पुढे, शिट्टी त्याच्या पुढे. माझ्या डाव्या टोकाशी, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, त्यांचा बाक. तोंडात सदैव च्युइंगगम. चव संपली की ते अंगठ्याने माझ्या कोपऱ्यावर दाबायचे आणि नवं काढायचे. खाली वाकायचे, कण्हायचे, दाबायचे. दातांचे ठसे, थुंकी, त्यावर धूळ, त्यावर माश्या. एकावर एक थर चढून माझ्या कोपऱ्याला गळू झाल्यासारखा काळा उंचवटा झाला होता. आणि असं माझ्या अंगावर थुंकी लिंपत ते मुलींना शिकवायचे, "शंका आली की काय करायचं? बोट वर! मारायला ताकद लागते गं, बोट वर करायला काय लागतं?"

मुली हसायच्या. मला मळमळायचं.

याच कोर्टावर एक मुलगी खेळायची. डाव्या हाताने खेळायची म्हणून सगळे तिला डावरी म्हणायचे. तिचा फटका असा, की चेंडूला स्वतःलाच कळायचं नाही आपण कुठून कुठे आलो. ती माझ्यावर पडलेल्या चेंडूला कधी बाहेर म्हणाली नाही. मी तिच्यावर खूश होते. पण आता म्हातारपणी स्पष्ट सांगते, तिला खोटं बोलायची गरजच पडत नव्हती. ती जिंकतच असायची. जिंकणारीच्या खरेपणाला मी फुकट टाळ्या वाजवल्या.

तिची कॉलेजात खेळायची वर्षं संपली. निरोपाचे फोटो माझ्यावरच उभं राहून काढले, कुणीतरी सरबत सांडलं, मुंग्या आल्या. आणि पुढच्या सत्रात बघते तर डावरी परत हजर! हातात रॅकेट नाही. गळ्यात शिट्टी. मोठ्या सरांची मदतनीस म्हणून तिला घेतलं होतं.

पहिल्या दिवशी जो गोंधळ झाला तो विचारू नका. कालपर्यंत मुली तिला दीदी म्हणत होत्या, आज मॅडम म्हणायचं होतं. "दीदी मॅडम", "मॅडम दीदी", असं काहीतरी चाललं होतं. त्यात ही बाई डावरी आणि मुली सगळ्या उजव्या. ही मुलींकडे पाठ करून फटका दाखवायची आणि मुली मागून नक्कल करायच्या. एकीची रॅकेट दुसरीच्या कोपरात, दुसरीचा पाय तिसरीच्या पायात. एक तर स्वतःभोवती अशी फिरली की तिची वेणी जाळीत अडकली. मोठे सर बाकावरून ओरडले, "काय गं, टेनिस शिकवतेस की फुगडी?"

पण पोरगी हुशार. एका दुपारी तिच्या डोक्यात उजेड पडला. तिने पाठ फिरवायचं सोडलं आणि मुलींसमोर तोंड करून उभी राहिली. म्हणाली, "मला बघू नका. आरशात बघताय असं समजा." झालं! तिचा डावा हात म्हणजे त्यांचा उजवा. सगळ्यांचे पाय सुटे झाले. त्या दिवसापासून मुली तिला खऱ्या अर्थाने मॅडम म्हणायला लागल्या.

त्या मुलींत एक लांब पायांची होती. धावताना पाय आधी पोचायचे, बाकीची ती मागून यायची. सगळे तिला शिंगरू म्हणायचे. डावरीने हिला जीव लावला. तिचा खेळ बघता बघता बहरला. फक्त एक खोड. अटीतटीला आली की शिंगरूचं बोट आपोआप वर जायचं. मोठ्या सरांनी पेरलेलं उगवलं होतं ते.

डावरीला हे दिसत होतं. आणि दिसलं की ती बुटाची नाडी बांधायला खाली वाकायची. मित्रांनो, तिच्या नाड्या सुटलेल्या नव्हत्या. मी जमिनीवरच असते, मला सगळ्यांच्या नाड्या दिसतात. अख्खं सत्र ती बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधत राहिली. सरांच्या गमचा मला जितका वीट आला होता, तितकाच त्या नाड्यांचाही आला.

का वाकायची? तेही मला कळलं. एका संध्याकाळी तिची थोरली बहीण डबा घेऊन आली. डावरी तिच्याकडेच राहायची. दोघी बाकावर बसल्या.

"अगं, कायम कधी करणार तुला?" ताईने विचारलं.

"करंडकाच्या सामन्यानंतर. सर शेरा देणार, मग ठरणार."

"आई रोज फोनवर विचारते, पोरगी अजून चेंडूच बडवते का म्हणून. मी सांगते, आता बडवत नाही, बडवायला शिकवते."

डावरी हसली नाही. पोळीचा तुकडा हातात तसाच राहिला. "ताई, सर मुलींना खोटं बोलायला शिकवतात."

"मग तू खरं शिकव."

"त्यांच्या देखत?"

ताईने डब्याचं झाकण लावलं. "तुला बाहेरच्या खोलीत झोपायला देते म्हणून काही मी तुला शहाणपण शिकवणार नाही बाई. तुझे भावजी ते काम आवडीने करतात. पण एक सांग, लहानपणी पत्ते खेळताना मी रडीचा डाव खेळले की सगळे पत्ते उधळून कोण जायचं?"

"मी."

"हं. जेव आता."

तर अशी गोष्ट होती. सरांचा शेरा चांगला आला तर डावरी प्रशिक्षक. नाही आला तर ताईच्या बाहेरच्या खोलीत बसून आईचे फोन.

करंडकाचा सामना जवळ आला. शेजारच्या कॉलेजचा संघ येणार, बडे पाहुणे येणार. मोठ्या सरांना एकदम मी दिसले. इतकी वर्षं माझ्यावर थुंकी दाबणारा माणूस म्हणतो कसा, "शी, ही लाइन किती घाण दिसते!" मला वाटलं उठावं आणि याच्या पायात गुंडाळी करून याला पाडावं.

रंगारी आला. तोच, पण केस पिकलेले. त्याने मला नवा रंग दिला. कोपऱ्याशी आला आणि नाक दाबून मागे सरला. "हे काय हो, सर? कुणी माणूस मेलाय का खाली?"

"खरवड आणि रंग मार. बोलू नकोस."

रंगाऱ्याने पातं घेतलं. थरामागून थर निघाले. खालच्या थरात, देवाशपथ सांगते, एक दात होता. कुणाचा ते मी विचारलं नाही. गम निघालं, पण त्याबरोबर माझं कातडंही निघालं आणि कोपऱ्यात खळगा पडला. त्या खळग्यात रंगाऱ्याने रंग ओतला, अगदी काठोकाठ. मग म्हणाला, "इथे सावली आहे, रंगही जाड बसलाय. वरून सुकल्यासारखं दिसेल, आतून ओलं राहील. उद्या खेळवू नका."

"उद्या पाहुणे आहेत," सर म्हणाले, आणि नवं गम तोंडात टाकलं.

दुसऱ्या दिवशी कोर्टाभोवती गर्दी. सामने बरोबरीत आले. उरला फक्त शेवटचा, शिंगरूचा. दुपार कलली आणि शिंगरू करंडकापासून एका गुणावर येऊन उभी राहिली. माझ्या बाजूला. पलीकडे पाहुण्यांची एक शांत, गोल चेहऱ्याची मुलगी. बाकावर मोठे सर, त्यांच्या शेजारी डावरी.

शिंगरूने जीव खाऊन मारलं. पलीकडच्या मुलीने त्याहून जीव खाऊन परतवलं. चेंडू उंच आला, शिंगरूच्या डोक्यावरून गेला, आणि पडला. कुठे? माझ्या कोपऱ्यात. बरोबर त्या खळग्यात. पच्च! वरची साय फुटली आणि चेंडू आतल्या रंगाला भिडला. इतकी वर्षं चेंडू माझ्यावर पडले, पण मला कुणाला धरून ठेवता आलं नव्हतं. त्या दिवशी मी त्याच्या गालाला पांढरं फासलं आणि मगच सोडलं.

शिंगरूचं बोट वर गेलं. "बाहेर!"

एकच जल्लोष झाला. आमच्या मुली धावत सुटल्या. पलीकडची मुलगी जाळीपर्यंत आली. "बघितलंस ना नीट? मला आत वाटला."

"बाहेर होता," शिंगरू म्हणाली. तिच्याकडे न बघता.

चेंडू मात्र उडून मागच्या कुंपणाला लागला होता आणि गडगडत डावरीच्या पायाशी येऊन थांबला होता. तिने उचलला. पांढरा डाग तिच्या अंगठ्याला लागला. सरांनीही पाहिलं. ते उठले आणि त्यांनी काय करावं? सहज उभं राहिल्यासारखं दाखवत माझ्या कोपऱ्यावर, चेंडूच्या ठशावर, अख्खा बूट ठेवला! मी घुसमटले. वरून ते ओठ न हलवता म्हणाले, "टॉवेलला पूस तो. खिशात टाक. तुझा शेरा आज रात्रीच लिहितो. फक्कड लिहितो."

डावरी खाली वाकली. हात नाडीकडे गेला. मला इतकी किळस आली की क्षणभर वाटलं, पुसून टाका रे मला, नकोच हे रेघपण. ज्या जगात रेघेवर बूट ठेवून खोटं उभं राहतं तिथे सरळ राहून करायचं काय?

पण अंगठ्याचा रंग नाडीला लागला. तिने तो पांढरा डाग पाहिला. नाडी बांधलेलीच होती. ती तशीच उठली आणि चेंडू घेऊन शिंगरूकडे गेली. सर मागून फुसफुसले, "ए... ए, कुठे?"

ती ओरडली नाही. पाहुण्यांकडे वळून भाषण केलं नाही. शिंगरूसमोर उभी राहिली, शिकवताना राहायची तशीच, आरशासारखी.

"मॅडम, जिंकलो ना?" शिंगरूने विचारलं. आवाज बारीक झालेला.

डावरीने चेंडू तिच्या हातावर ठेवला. "बोट तुझं आहे. मी काही बोलणार नाही. तू बघ आणि तूच सांग."

शिंगरूने चेंडू फिरवला. तिची बोटं पांढरी झाली. तिने माझ्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे सरांचा बूट होता. ती पुटपुटली, "सर ओरडतील."

"ओरडतील. तुझ्यावर ओरडले तर सांग, मॅडमनी सांगितलं."

"आणि तुमच्यावर?"

"माझ्या नाड्या घट्ट आहेत," डावरी म्हणाली.

शिंगरू वळली. नाचणाऱ्या मुली हळूहळू थांबल्या. ती जाळीकडे बघून मोठ्याने म्हणाली, "आत होता. माझं चुकलं. गुण तुझा."

पुढे शिंगरू हरली. जिंकून नाचून झाल्यावर पुन्हा खेळायला उभं राहून कोण जिंकतं? करंडक पाहुण्यांनी नेला. मोठे सर माझ्यावरचा बूट उचलून तरातरा निघाले. त्यांच्या बुटाचा तळवा पांढरा झाला होता हे त्यांच्या गावीही नव्हतं. माझ्या कोपऱ्यापासून फाटकापर्यंत एकाच पायाचे पांढरे ठसे उमटत गेले, जणू कुणी लंगडं भूत चाललंय. लोक म्हणतात ते ठसे ऑफिसपर्यंत गेले. मी म्हणते, पार त्यांच्या घरापर्यंत गेले, जिना चढले आणि गादीवर जाऊन झोपले.

फाटकाशी थांबून त्यांनी डावरीला एवढंच सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस."

ती शिट्टी काढून बाकावर ठेवत होती, तेव्हा पाहुण्या संघाच्या बाई, पिकल्या केसांच्या, जाड चष्म्याच्या, तिच्याजवळ आल्या. "आमच्या मुलींना मी मारायला शिकवलं हो. पण स्वतःचं बोट खाली घ्यायला शिकवणारं कुणी नाही आमच्याकडे. मला आता उन्हात उभं राहवत नाही. उद्या मोकळ्या आहात का?"

"आजपासूनच," डावरी म्हणाली.

त्यानंतर माझं काय झालं ते विचारू नका. हरलेल्या करंडकाची रेघ, तिच्याकडे कोण बघणार? रंगारी परत आला नाही. कोपऱ्यातला खळगा सुकला, आणि एका सकाळी कण्हण्याचा ओळखीचा आवाज आला, एक अंगठा खाली आला आणि... शी! पुन्हा तेच. मोठे सर तिथेच, बाक तिथेच, थुंकी तिथेच. माणसाला एकदा लाज वाटली की तो सुधारतो असं ज्याने कुणी सांगितलं असेल, त्याने माझा कोपरा पाहिला नसावा.

पुढच्या सत्रात शेजारचा संघ पुन्हा आला. सगळ्यांच्या पुढे दुसऱ्या रंगाचं जाकीट घालून डावरी. ती पाहुण्यांच्या बाकाकडे गेली नाही. सरळ माझ्याकडे आली, गुडघे टेकले, खिशातून किल्ली काढली आणि खरवडू लागली. तिला उमासा आला. मान वळवली, श्वास घेतला, पुन्हा खरवडलं. सगळं निघाल्यावर तिने ते कागदात गुंडाळलं, उठली, आणि मोठ्या सरांच्या हातावर ठेवलं.

"सर, हे तुमचं इथे राहिलं होतं."

सरांचा जबडा हलायचा थांबला. मी त्यांना ओळखते तेव्हापासून पहिल्यांदाच.

तर मित्रांनो, मी तुमच्याकडे फार काही मागत नाही. जे चघळलंत ते दुसऱ्याच्या अंगावर चिकटवू नका. आमच्यासारख्या पायाखालच्यांना वर्षातून एकदा रंग द्या, आणि तो पाहुण्यांसाठी देऊ नका, आमच्यासाठी द्या. आणि चेंडू मला लागला असेल तर लागला म्हणा. मला तोंड नाही. दर वेळी ओला रंग कुठून आणू?

त्या दिवशीचा शेवट सांगते आणि पडून राहते. शिंगरू अजून आमच्याच संघात होती, आणि समोर डावरीने शिकवलेली एक मुलगी. पुन्हा अटीतटीचा गुण, पुन्हा चेंडू माझ्याकडे. सर बाकावरून उठले. शिंगरूचं बोट किंचित हललं. मग तिने हात उघडला, तळवा जमिनीकडे केला आणि म्हणाली, "आत वाटतो. गुण तुझा."

आता तुमच्या कानात सांगते. तो चेंडू आत नव्हता. मला लागलाच नाही, केसभर पलीकडे पडला. माझ्याइतकं ते कुणाला कळणार? पण तिला शंका आली होती, आणि शंका आली तर चेंडू समोरच्याचा. आयुष्यभर खोट्याची किळस करणारी मी, त्या वेळी मात्र गप्प बसले, आणि अंग चोरायच्या ऐवजी जराशी मागे, चेंडूच्या ठशाकडे सरकले.